'हवं तेवढं बरोबर ऐकू येतं!'

आमच्या आत्याबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं होतं: "तिला हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी ओ नाही, पण तिच्या औषधांच्या खर्चाबद्दल बाहेरच्या खोलीत कुणी पुटपुटलं की मान लगेच वर. पुरावा इतका चोख की तिच्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नाही. मीही नाही. तिचं वकीलपत्र मी आज घेतोय, फार उशिरा.

पुटपुटायचे ते काका. आवाज जाड, खोली शांत, आणि बसलेले तिच्या समोरच. हाका मारायची ती वहिनी, बारीक आवाजात, पाठीमागून. वर नळ चालू आणि कुकरची शिटी. वयाबरोबर कान जातो तो सगळ्या पट्ट्यांत सारखा जात नाही. आधी जाते वरची पट्टी, आणि स, श, फ, थ यांचा मुक्काम नेमका तिथेच. स्वर खालच्या पट्टीत, जोरकस. म्हणून 'साठ' म्हटलं काय नि 'आठ' म्हटलं काय, तिच्यापर्यंत 'आठ'च पोचायचे. "आवाज येतो रे, शब्द कळत नाही," असं ती म्हणायची. आम्ही त्याला सबब समजलो. ते दुखण्याचं अचूक वर्णन होतं.

दुसरा आरोप विक्षिप्तपणाचा. "जरा मोठ्याने बोल," म्हणणारी बाई पुढच्याच मिनिटाला "ओरडतोस कशाला?" म्हणते. कानाच्या आतल्या शंखात हलक्या आवाजाला उचलून धरणाऱ्या केसासारख्या पेशी असतात. त्या गेल्या की हलका आवाज पोचत नाही, मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू न येणं आणि सहन न होणं यांच्यातली जागाच आक्रसते. ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजनं चेंगरतात, आणि वर बोलणाऱ्याचा चेहरा भांडखोर दिसतो तो वेगळाच. समोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलणं याला एक पैसा लागत नाही. आम्ही तेही केलं नाही.

"मशीन लावून बघितलं, काही उपयोग नाही." हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय, आणि त्यात तथ्यही आहे. उपयोग होत नाही तो मोजमापाशिवाय घेतलेल्या मशीनचा. आम्ही आत्याला मशीन घेतलं ते दुसऱ्याच्या मापाचं ब्लाउज घ्यावं तसं. आवाजबंद खोलीत बसवून, एकेका कानाला एकेका पट्टीचा आवाज देऊन जो आलेख काढतात तो ऑडिओग्राम. मशीन त्या आलेखाप्रमाणे बसवावं लागतं. तेवढ्यानेही भागत नाही. आलेख सारखाच असलेल्या दोघांपैकी एकाला शब्द ओळखता येतात, दुसऱ्याला येत नाहीत; म्हणून शब्द ओळखण्याची चाचणी वेगळी. शिबिरात रांग लावून सगळ्यांना एकच मशीन वाटणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्या मशिनांपैकी किती कानावर राहतात, एवढंच विचारावंसं वाटतं.

आणि मशीन चष्मा नव्हे. बरीच वर्षं न ऐकलेले आवाज मेंदू विसरलेला असतो. पहिल्या दिवशी पंखा घरघरतो, वर्तमानपत्राचं पान कडाडतं, स्वतःचाच आवाज पिंपात बोलल्यासारखा येतो. म्हणून आधी घरात, शांत वेळी, तास-दोन तास. मग एका माणसाशी गप्पा. मग कुणी बातमी वाचावी आणि आपण त्याच ओळींवरून बोट फिरवावं. लग्नाचा हॉल सगळ्यांत शेवटी. श्रवण पुनर्वसन म्हणतात ते बहुतांशी हेच. आत्याने मशीन पहिल्यांदा घातलं ते भाचीच्या लग्नात, बँडसमोर.

म्हाताऱ्यांच्या बाबतीतली ही बेफिकिरी निदान दिसते तरी. बाळांच्या बाबतीत ती कौतुकाचा वेष घेऊन येते. "आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात, याचा काका तर चार वर्षांचा झाल्यावर बोलला." मग आजी पाळण्यामागे ताट वाजवते, बाळ मान वळवतं, घर निर्धास्त होतं. ताटाचा आवाज बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यात जमिनीची थरथर आणि डोळ्याच्या कडेला हललेली सावली. ताट वाजवून ताट ऐकू येतं का, एवढंच कळतं. 'स' ऐकू येतो का, हे कळत नाही.

ते कळायला बाळाने बोलावं लागत नाही. निरोगी शंख आवाजाला उत्तर म्हणून स्वतःही अगदी बारीक आवाज सोडतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ साली दाखवलं. ओएई चाचणी त्यावरच चालते, काही मिनिटांत, झोपलेल्या बाळावर. मात्र शंख ठीक असून पुढची नस बिघडलेली असेल तर ही चाचणी फसते. म्हणून काचेच्या पेटीत राहून आलेल्या बाळांना बेरा, म्हणजे नसेची चाचणी, करावीच. जगभर मानलेला हिशेब १-३-६ असा आहे: १ महिन्याच्या आत तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू. कोलोरॅडोतल्या मुलांवरचा योशिनागा-इटानो यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. काकाची गोष्ट खरी असेलही. पण तो ऐकत होता.

खर्चाचा मुद्दा मी खोडत नाही. तो खराच आहे. वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं, लहान मुलांना कॉक्लियर इम्प्लांटसाठीही मदत होते. तरी गडचिरोलीहून वांद्रे किती लांब, हे नकाशा सांगत नाही. दुसराही एक आक्षेप मान्य. बोलण्याच्या हट्टापायी १८८० साली मिलानच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि पिढ्यांचं नुकसान झालं. मुलाला भाषा मिळाली पाहिजे, मग ती हातांची का असेना. पण हा निवडीचा प्रश्न झाला, आणि निदानच झालं नाही तर निवडायला काही उरत नाही.

'इम्प्लांटचं ऑपरेशन झालं की मूल बोलतं' ही मात्र निव्वळ थाप. पुढची वर्ष-दोन वर्षं रोजच्या सरावाची असतात. आई तोंडासमोर कागद धरते आणि एकेक आवाज काढते: म, ऊ, आ, ई, श, स. ऐकू आला की मूल वाटीत मणी टाकतं. 'स'ला मणी पडला नाही तर आधी यंत्राची तपासणी, मग मुलाची.

आत्या गेल्यावर तिचं कपाट आवरलं. मशीन डबीत होतं, शेजारी सेलचं पाकीट. हे सेल हवेवर चालतात. वरचं नारिंगी स्टिकर काढलं की जागे होतात आणि आठवडा-दोन आठवडे टिकतात. पाकिटात सहा येतात. पाचांवर स्टिकर तसंच होतं.