दार उघडं, पण ‘आत या’ कोण म्हणणार?

नगर-संभाजीनगर हायवेवर घोडेगावहून आत वळलं की शनिशिंगणापूर. बिनदाराच्या घरांचं गाव! पण बॉस, तिथल्या चौथऱ्यावर बायकांना चढायला 2016 उजाडावं लागलं. दार उघडं असणं वेगळं, ‘या, बसा’ म्हणणं वेगळं.

नोकरी बदलून पुण्यात येणाऱ्या दोन आया आणि त्यांची लेक यांनी घर शोधताना हाच फंडा लक्षात ठेवावा. एरिया पॉश म्हणजे माणसं मोकळी, असं काही नसतं.

त्यात कायदा अर्ध्यावर थांबलाय. 2018 मध्ये 377 चं टेन्शन गेलं. पण 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, जोडपं म्हणून मूल दत्तक घेण्याची वाटही बंदच ठेवली. एकट्या बाईला दत्तक घेता येतं. म्हणजे कागदावर आई एकच. दुसरीला शाळेच्या गेटवर प्रश्न: ‘तुम्ही कोण?’

म्हणून डिपॉझिट देण्याआधी शाळा गाठा. मुलीला न्यायला येणाऱ्यांत दुसरीचं नाव लिहून घेतील का, सरळ विचारा. भाडेकरारात दोघींची नावं घाला आणि तो रजिस्टर करा. एजंट म्हणेल, ‘बहिणी आहोत सांगा ना!’ नको. ते खोटं उद्या लेकीला रोज खेळायला जाताना सांभाळावं लागेल.

शेवटची टेस्ट: संध्याकाळी सातला बिल्डिंगखाली उभ्या राहा. सगळं ऐकूनही एखादी काकू ‘चहाला या’ म्हणाली, तर टोकन देऊन टाका!