वाघनखं परत जातील; वीरगळाचं काय?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली. मोठा समारंभ झाला, रांगा लागल्या, रील्स निघाल्या. करार तीन वर्षांचा, म्हणजे वस्तू उसनी. वादही झाला. कोल्हापूरचे इतिहासकार इंद्रजित सावंत यांनी ही नखं शिवरायांचीच आहेत का, असा प्रश्न लावून धरला. साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला ती मिळाली, असं त्या नखांच्या पेटीवर लिहिलंय. पण अफझलखानावर चालली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द म्युझियमच म्हणतं.

खरी की खोटी, कायमची की उसनी, हे दोन प्रश्न चहाच्या टपरीपर्यंत गाजले. तिसरा मात्र माझ्या कानावर कुठेच आला नाही: नखं परत गेल्यावर साताऱ्याकडे काय उरणार? आजच्या तंत्राने त्या नखांचा काटेकोर त्रिमितीय स्कॅन होऊ शकतो. प्रत्येक नखीची वक्रता, पट्टीची जाडी, अंगठ्यांचा घेर, सगळं मोजून फाइलमध्ये. ती फाइल खुली असेल तर कऱ्हाडच्या कॉलेजातला पोरगा नखं फिरवून बघेल आणि विट्यातला लोहार प्रतिकृती घडवेल. स्कॅनने खरं-खोटं ठरणार नाही. स्कॅन म्हणजे मोजमाप, वंशावळ नव्हे. पण वाद घालायला निदान नेमकी मापं तरी हातात असतील. उसनी वस्तू घेताना फाइल मागून घ्यायची, ही साधी व्यवहाराची गोष्ट आहे.

तरी माझं खरं भांडण लंडनशी नाही, आपल्याशीच आहे.

स्कॅनिंगच्या भाषेत सांगायचं तर वाघनखं ही अवघड वस्तू. पोलाद चकाकतं आणि चकाकी कॅमेऱ्याला फसवते. सोपी वस्तू कोणती? खडबडीत, न चमकणारा, जागेवरून न हलणारा दगड. म्हणजे वीरगळ. वाईजवळच्या किकलीत भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात ते ओळीने उभे आहेत, सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीत आहेत, सांगली जिल्ह्यातही गावोगावी आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कधी गाई सोडवतानाची. मधे अप्सरा वीराला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. ज्यांचं नाव कुठल्याच बखरीत नाही, अशा माणसांची ही स्मारकं. आणि जे स्कॅन करायला सर्वांत सोपं, तेच स्कॅन होत नाही.

त्या दगडांचं चाललंय काय? देवळाचा जीर्णोद्धार निघतो. वर्गणी जमते, फरशी बसते, जुने दगड भिंतीत चिणले जातात नाहीतर उकिरड्यावर जातात. काहींना शेंदूर लागतो, काहींना ऑइल पेंट. कोणाच्याही मनात वाईट नसतं. दगडाची नोंदच नसल्यामुळे तो गेला हे कळायलाही मार्ग नसतो. मिरज इतिहास संशोधन मंडळासारख्या संस्थांचे अभ्यासक शिलालेख आणि वीरगळ हुडकत फिरतात, पण मोजकी माणसं किती गावं पुरी पडणार?

यावर हमखास उत्तर येतं, ‘सरकारने मशीन आणावं.’ मशीन आहेतच. जर्मनीत डार्मश्टाटच्या फ्राउनहोफर संस्थेने ‘कल्टलॅब थ्रीडी’ नावाची यंत्रणा उभी केली. वस्तू ट्रेमध्ये ठेवायची, पट्ट्यावरून ती कॅमेरे लावलेल्या कमानींखाली सरकते आणि काही मिनिटांत तिचं त्रिमितीय रूप तयार होतं. कोठारात हजारो वस्तू पडून असलेल्या संग्रहालयाला असं यंत्र हवंच. पण पट्ट्यावर वस्तू ठेवायला आधी तिला क्रमांक लागतो. ती कुठून आली, कोणी दिली, कशाची आहे, ही नोंद लागते. नोंद नसलेल्या वस्तूचा स्कॅन म्हणजे नाव-पत्ता नसलेला आधार कार्डावरचा फोटो. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची नोंदप्रणाली बनवली आणि ती राष्ट्रीय संग्रहालयांत वापरातही आली. मग जिल्ह्याच्या संग्रहालयांनी ताटकळत का बसावं? औंधचं श्री भवानी संग्रहालय पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलं. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. हा ठेवा साताऱ्याच्या पोरांना मोबाइलवर चहूबाजूंनी फिरवून बघता यायला हवा. आणि आपण अजून कित्येक ठिकाणी ‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ची पाटी रंगवण्यात दंग आहोत.

घाई कशाला, असं म्हणणाऱ्यांनी सांगलीकरांना विचारावं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २०२१ मध्ये पाणी पुन्हा शहरात आलं. घरं गेली, दुकानं गेली आणि त्यांच्यासोबत पुस्तकं, कागद, फोटो यांचाही चिखल झाला. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या आगीत जळून गेलं. २ सप्टेंबर २०१८ ला रिओचं राष्ट्रीय संग्रहालय पेटलं. तिथल्या काही वस्तूंचे स्कॅन आधीच झालेले होते, म्हणून निदान त्यांचं रूप हाताशी उरलं. पाणी आणि आग टेंडर निघायची वाट बघत नाहीत.

आता आक्षेप. पहिला: फाइल खुली केली की चोराला पत्ता मिळतो. खरं तर चोराला पत्ता आधीच माहीत असतो. माहीत नसतो तो आपल्याला. तमिळनाडूच्या श्रीपुरंदनची नटराजमूर्ती चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचली होती. ती २०१४ मध्ये परत आली, कारण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे ती देवळात असतानाचे जुने फोटो होते. फोटो नसता तर दावा कशाच्या जोरावर केला असता? अगदीच भीती वाटत असेल तर गाव सांगा, नेमकी जागा गाळा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: स्कॅन झाला की मूळ वस्तूकडे दुर्लक्ष होईल. ही भीती रास्तच आहे. ‘डिजिटल जतन’ झालं म्हणून छपराची गळती तशीच ठेवणारा अधिकारी आपल्याला नवा नाही. म्हणून स्पष्ट म्हणायला हवं की स्कॅन म्हणजे संवर्धन नव्हे. पण दरवर्षी तोच दगड पुन्हा स्कॅन केला, तर किती झिजला, कुठे तडा गेला, हे मिलिमीटरमध्ये दाखवता येतं. तेव्हा हीच फाइल दुर्लक्षाविरुद्धचा पुरावा होते.

तिसरा मुद्दा मालकीचा. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेणाऱ्याला अडवतो. तिची फाइल एका क्लिकमध्ये कुठेही जाते. उद्या एखादी कंपनी जिल्ह्यातल्या वस्तू फुकट स्कॅन करून देते म्हणाली आणि फाइली स्वतःच्या कुलपात ठेवल्या, तर आपण पुन्हा उसनवारीवर. बर्लिनमधल्या नेफरतितीच्या मस्तकाचा स्कॅन तिथल्या संस्थेने दाबून ठेवला होता. एका अमेरिकन कलाकाराने तीन वर्षं कायदेशीर पाठपुरावा केला, तेव्हा २०१९ मध्ये तो बाहेर आला. उलट त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२० मध्ये, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने लाखो चित्रं आणि त्रिमितीय प्रतिमा कसल्याही हक्काविना सर्वांना खुल्या केल्या. जनतेच्या पैशाने, जनतेच्या वस्तूचा स्कॅन झाला, तर फाइल जनतेची. यात घासाघीस नको.

आणि तुम्ही? तुमच्या खिशात कॅमेरा आहे. ढगाळ दिवशी, ऊन नसताना वीरगळाभोवती फिरत शंभरेक फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. खडू लावू नका, पाणी ओतू नका, खरवडू नका. पुजाऱ्याला, गावकऱ्यांना आधी विचारा. संरक्षित स्मारक असेल तर तिथले नियम पाळा. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्या फोटोंतून त्रिमितीय रूप उभं करतं. फाइलसोबत गाव, तारीख आणि गावात त्या दगडाला काय म्हणतात ते लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक इंटरनेटवर खुली.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: देवळाचं काम काढण्याआधी आवारातल्या दगडांची नोंद केली का? उत्तर ‘नाही’ आलं, तर काम चार दिवस थांबवायला सांगा. तेवढ्यात सगळ्या दगडांचे फोटो काढून होतात.