दोन साचे, चार साचे

परवा सौभाग्यवतींबरोबर दिवाळीच्या खरेदीला गेलो होतो. दुकानदाराने पलंगपोस उलगडला आणि सौभाग्यवतींनी जुन्या सवयीने त्याचा काठ पाहिला. पूर्वी काठावर गिरणीचे नाव छापलेले असे. हा काठ कोरा होता. ‘कुठला माल?’ ‘भिवंडीचा,’ दुकानदार म्हणाला. सौभाग्यवतींनी भाव पाडून घेतला आणि मला आमचे अण्णा आठवले.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, फराळाच्या ताटासमोर गिरणीचा विषय कशाला? पण आठवण आली ती आली!

अण्णा माझे आतेभाऊ, रत्नागिरीकडचे. लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. दोन साचे सांभाळत. मागाला गिरणीत साचा म्हणतात. आठ तासांची पाळी, महागाईच्या आकड्याबरोबर वाढणारा भत्ता, प्रॉव्हिडंट फंड आणि दिवाळीला बोनस. बोनसच्या दिवशी आमच्याकडे पेढ्यांचा पुडा हटकून येई. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अण्णांना गिरणीने परत घेतले नाही. दीड वर्ष वाट पाहून ते भिवंडीच्या यंत्रमागावर गेले.

मी एकदा त्यांना भेटायला गेलो होतो. पत्र्याची शेड आणि मागांचा असा खडखडाट की बोलायचे ते कानाला तोंड लावून. अण्णा चार साच्यांमधून फिरत होते. पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. वीज गेली की नुकसान विणणाऱ्याचे. महिनाअखेर गिरणीच्या पगाराच्या निम्मेही हाती पडत नसे. शेजारच्या साच्यांवर आझमगडकडचा एक पोरगा होता. गावच्या हातमागाच्या मानाने तीच मजुरी त्याला भरघोस वाटे; दर महिन्याला मनिऑर्डर करी. अण्णांनी मजुरी वाढवून मागितली, तर त्याच्या गावचे आणखी दहाजण गाडीत बसायला तयार होते. त्या पोराला दोष कसा द्यावा?

मी तेव्हा कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो. ऐटीत म्हणालो, ‘अण्णा, मजुरी उत्पादकतेवर ठरते.’

अण्णा म्हणाले, ‘अरे, तिथं दोन साचे चालवायचो, इथं चार चालवतो. मग मी आळशी झालो तो कधी?’

मला उत्तर देता आले नाही. पुष्कळ वर्षांनी उमगले की पुस्तकातली उत्पादकता मीटरांत नव्हे, रुपयांत मोजतात. तयार मालाच्या किमतीतून कच्च्या मालाचा व इतर खरेदीचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याला माणसांच्या संख्येने भागायचे. मोठ्या गिरणीत सूतकताईपासून छपाईपर्यंत सगळे एका आवारात. शिवाय काठावर नाव आणि नावाला भाव. भिवंडीचा मागवाला पुष्कळदा व्यापाऱ्याच्या सुतावर ठरल्या दराने कोरे कापड विणून देतो. रंग दुसरा चढवतो, शिक्का तिसरा मारतो, नफाही त्यांच्याचकडे राहतो. म्हणून चार साच्यांचा माणूस दोन साच्यांच्या माणसापेक्षा ‘कमी उत्पादक’ ठरतो! माणूस तोच, हात तेच; मध्ये फक्त पन्नासेक किलोमीटरचा रस्ता.

बरे, अण्णा हिशेबात तरी होते का? १९४८ च्या कारखाने कायद्यात, वीज वापरणाऱ्या जागेला दहा कामगारांची अट होती. एकाच छपराखालचे माग बायकोच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर वाटले की प्रत्येकाकडे नऊच माणसे. मग कायदा दाराबाहेर, फंड दाराबाहेर. सरकारची उद्योगांची वार्षिक पाहणी मुख्यतः नोंदलेल्या कारखान्यांची, म्हणून अण्णा तिच्याही बाहेर. राज्याराज्यांच्या मजुरीच्या तक्त्यात महाराष्ट्राचा आकडा बरा दिसतो. त्या आकड्यात ती पत्र्याची शेड नसते, हे मी पूर्वी लक्षातच घेत नसे.

अण्णा १९९६ पर्यंत तिथेच राबले. गावी परतले तेव्हा बरोबर एक ट्रंक होती आणि कानांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते.

पलंगपोस घरी आणून अंथरला. ‘स्वस्तात पडला, नाही?’ सौभाग्यवती म्हणाल्या. मी काठ चाचपून पाहिला. वीण चांगली घट्ट होती.