धाराशिवच्या माताभगिनींचे ऋण

ऋणाची कल्पना आपल्या समाजाला नवी नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही नावे प्रत्येक घरात कानावरून गेलेली असतात. परंतु आपण ज्यांची नावेही जाणत नाही, अशा काही हजार स्त्रियांचे एक ऋण महाराष्ट्रावर आणि साऱ्या देशावर आहे. ते फेडण्याचा विचार तर दूरच, ते आहे याची जाणीवही समाजमनाला नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन ती जाणीव करून देणे एवढेच आहे.

१९९९ ते २००३ या काळात तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठे वैद्यकीय संशोधन उभे राहिले. विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग. मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ते हाती घेतले. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाकडून आला. गावांचे ५२ समूह करण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. त्यांचे चार गट पाडले गेले. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्यात पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी. चौथा गट तुलनेसाठी होता. त्याला नेहमीची उपलब्ध सेवा आणि माहिती मिळाली. संशोधनाच्या वतीने तपासणी मात्र नाही.

आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष २००९मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात होत्या सुमारे ३४ हजार स्त्रिया. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तुलनेच्या गटात सुमारे ३१ हजार स्त्रिया. तेथे मृत्यू ६४. आयुष्यात एकदा, केवळ एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पुढे जगभरातील तज्ज्ञांनी हे आकडे प्रमाण मानले. जागतिक आरोग्य संघटना आज याच चाचणीला अग्रक्रम देते. जगाला शहाणपण मिळाले ते धाराशिवच्या शिवारात.

प्रश्न चौसष्ट जणींचा

आता त्या ६४ जणींकडे वळू. पॅप तपासणी १९४०च्या दशकापासून जगाला ठाऊक होती. श्रीमंत देशांत तिच्यामुळे या रोगाचे मृत्यू घटल्याचा अनुभव होता. मग भारतातील हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यातील मृत्यू मोजणे न्याय्य होते काय? या प्रश्नावरून पुढे वैद्यकीय नीतीच्या क्षेत्रात कडवा वाद झाला आणि तो होणे योग्यच होते. संशोधकांचे उत्तर असे की, भारतात तशीही तपासणीची व्यवस्था नव्हती. तुलनेच्या गटाला जे मिळाले, तेच कोट्यवधी स्त्रियांना मिळत होते.

या उत्तरात तथ्य आहे. पण ते तथ्यच आपल्याला मान खाली घालायला लावणारे आहे. 'तुमच्या देशात काहीच नसते, म्हणून काहीच न देणे हेही प्रमाण मानता येईल', हा युक्तिवाद ज्या राष्ट्राच्या बाबतीत करता येतो, त्या राष्ट्राने संशोधकांवर दात-ओठ खाण्याआधी स्वतःच्या घरात डोकावून पाहावे. परक्या पैशावर आपल्या स्त्रियांची तुलना झाली, याची चीड जरूर यावी. परंतु त्या तुलनेला जागा करून दिली ती आपल्याच अनास्थेने.

उत्तर मिळाले, पुढे काय?

खरा अपराध तर यापुढेच आहे. २००९मध्ये उत्तर हाती आले. त्याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलचे दुसरे संशोधन चालू होते. त्यात दीड लाख स्त्रिया सहभागी होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी अ‍ॅसेटिक आम्लाची पाहणी करवून घेण्यात आली. या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. म्हणजे महागडी यंत्रे नकोत, प्रत्येक गावी तज्ज्ञ डॉक्टर नको. शिकलेली, विश्वासाची एक भगिनी पुरे, हेही सिद्ध झाले. २०१६मध्ये केंद्राने ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. कागद तयार झाला.

आणि प्रत्यक्षात? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या १.९ टक्के! शंभरात दोनही नव्हेत. २०२२च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्यात दगावतात. जो रोग वर्षानुवर्षे पूर्वसूचना देत वाढतो, जो वेळेवर हेरला तर साध्या उपचाराने थोपवता येतो, त्याने इतके बळी घ्यावेत? तपासणीविना राहिलेल्या त्या ६४ जणींच्या मृत्यूने जे ज्ञान दिले, ते आपण कपाटात ठेवले. याला कृतघ्नता हाच एक शब्द आहे.

गडचिरोलीचा धडा

हे अपरिहार्य होते असे कुणी म्हणू नये. याच महाराष्ट्रात गडचिरोलीही आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील दोन गावांत केलेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे १९८९मध्ये जगापुढे मांडले. पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. मुकाट्याने सोसण्याला आपण शालीनता समजत होतो, ती प्रत्यक्षात व्याधी होती.

त्यानंतर त्यांनी नवजात बालकांचा प्रश्न घेतला. ३९ गावांतील स्त्रियांना शिकवून त्यांच्यावर घरोघरी जाऊन बाळ तपासण्याची, त्याला उबेत ठेवण्याची, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करण्याची, जंतुदोष ओळखून प्रतिजैविक देण्याची जबाबदारी सोपवली. अशा स्त्रियांना हे सुरक्षितपणे जमेल काय, याचे उत्तर त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून ४७ गावांशी तुलना करणे सयुक्तिक होते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण या गावांत हजारी २५.५ वर आले; तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने हे प्रसिद्ध केले. २०११मध्ये आशा कार्यकर्तीमार्फत घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर स्वीकारली गेली. बारा वर्षे लागली, तरी ज्ञान पुन्हा मातेच्या उंबरठ्यापर्यंत पोचले. ऋण काही अंशी फिटले ते असे.

दोन टोके

या विषयात दोन टोकांपासून सावध राहिले पाहिजे. एक टोक म्हणते, संशोधन म्हणजे गरिबांना उंदीर समजणे, सारे थांबवा. या भीतीला आधार नाही असे नाही. २००९मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. वसतिगृहातील मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्या. २०१०मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. परंतु संमतीचा अवमान झाला तो झालाच. तरीही दोष पद्धतीचा होता, लसीचा नव्हे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या स्वदेशी लसीला २०२२मध्ये मान्यता मिळाली. जुन्या संशयापायी तिलाही नाकारणे म्हणजे आपल्याच लेकींचे नुकसान.

दुसरे टोक आपल्या जवळचे आहे, म्हणून त्याविषयी अधिक स्पष्ट बोलतो. 'आमच्याकडे सुश्रुत होते, चरक होते. आम्हाला काय शिकवता?' असे म्हणून पाय पसरणारे. ज्या परंपरेने निरीक्षणाला आणि परीक्षणाला मान दिला, तिचे नाव घेऊन परीक्षण टाळणे हा त्या परंपरेचाच अपमान आहे. वास्तविक आपल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रसूती विभागातून आपल्या मातांच्या प्रश्नांची उत्तरे निघाली पाहिजेत. प्रश्न आपला, संमती खरी, आणि निष्कर्ष सर्वप्रथम सहभागी झालेल्या गावाच्या पदरात, ही तीन सूत्रे सांभाळली तर परक्या पैशाचे भय उरणार नाही.

कर्तव्य आपले

शासनाने काय करावे हे सांगितले. पण केवळ शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाही. आपल्या किती घरांत तिशी ओलांडलेल्या आई, पत्नी, वहिनी, बहिणीची ही तपासणी झाली आहे? स्वयंपाकघरात येणाऱ्या मावशींची झाली आहे काय? संक्रांतीचे हळदीकुंकू गल्लोगल्ली होते. एका वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचा डबा न देता जवळच्या आरोग्य केंद्रातील तपासणीचा दिवस ठरवून द्या. दहा जणी मिळून जा. संकोच एकटीला असतो, दहा जणींना नसतो. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील आशा ताईंना विचारावे, आपल्या केंद्रात ही तपासणी होते का, होत नसेल तर का नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.

धाराशिवच्या त्या स्त्रियांना स्मारक नको आहे. त्यांच्या आयुष्यांनी जे शिकवले, ते आपल्या घरातील एकीच्या तरी उपयोगी पडावे, हीच त्यांच्या ऋणाची पहिली परतफेड ठरेल.