क्लोराइडचें द्वार आणि घोटभर पाणी

मुलास जुलाब लागले कीं त्याचें पाणी तोडावें, ही समजूत कित्येक घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. वरून घातलेलें खालून निघून जातें, मग पाजून काय उपयोग, असा तिचा युक्तिवाद असतो. तो सयुक्तिक दिसतो, म्हणूनच आम्ही त्यास घातक समजतों. त्याचें उत्तर आंतड्याच्या पेशींवरील एका सूक्ष्म द्वारापाशीं आहे.

मीठ म्हटलें कीं सर्वांस सोडियम आठवतो; त्याचा सोबती क्लोराइड बिचारा मागेंच राहतो. विद्युद्भारित असल्यामुळें त्यास पेशीच्या स्निग्ध आवरणांतून सहज जातां येत नाहीं. त्याकरितां आवरणांत प्रथिनांचीं द्वारें असतात. त्यांपैकीं एकाचें नांव सी. एफ. टी. आर.; त्याचें जनुक १९८९ सालीं सांपडलें. हें द्वार उघडलें कीं क्लोराइड आंतड्याच्या पोकळींत उतरतो, मागोमाग सोडियम व पाणी जातें, आणि आंतडें ओलें राहतें. जन्मतःच तें बिघडलेलें असल्यास सिस्टिक फायब्रोसिस हा रोग होऊन फुप्फुसांतील श्लेष्मा घट्ट व चिकट बनतो. पटकींत नेमकें उलट घडतें. पटकीच्या जंतूंचें विष १९५९ सालीं कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं प्रयोगानें दाखवून दिलें. त्या विषामुळें हें द्वार उघडेंच राहतें व शरीरांतील पाणी वाहून जातें.

परंतु त्याच आंतड्यांत दुसरें एक द्वार आहे. त्यांतून सोडियम व ग्लुकोज जोडीनेंच आंत येतात आणि पाणी त्यांच्यामागून येतें. विष या द्वारास बंद करीत नाहीं. १९७१ सालीं बनगांव येथें पूर्व बंगालच्या निर्वासितांत पटकी पसरली व शिरेंतून द्यावयाचें द्रव संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचें पाणी पाजविलें. पाजणारे बहुधा रोग्यांचे नातलगच होते. मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें ३० वरून ३.६ वर उतरलें.

पेशीची सुबक आकृति काढून पूर्ण गुण मिळविणारा विद्यार्थी घरीं धाकट्या भावंडाचें पाणी तोडलेलें मुकाट्यानें पाहत असेल, तर आमचें शिकविणें कोठें तरी उणें पडलें, असें आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें.

औषधालयांतील तयार पुडी उत्तम. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावें. मीठ अधिक घालूं नये. साखर येथें गोडीकरितां नाहीं, हें आतां सांगावयास नकोच. मूल सुस्त झालें, डोळे खोल गेले किंवा तें पाणी पिईनासें झालें, तर मात्र तत्काळ दवाखाना गांठावा, व वाटेंतहि घोट घोट पाजीत राहावें.