शीऽन

जपानी शिकणाऱ्या मुलांना मी दुसऱ्या वर्षी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायला लावते. किशोरांसाठीच्या मांगात प्रत्येक कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षराच्या, बाजूला तिचा उच्चार बारीक अक्षरांत छापलेला असतो, त्यामुळे दर ओळीला शब्दकोश उघडावा लागत नाही आणि गोष्ट पुढे सरकते. गेल्या महिन्यात एका मुलीनं वही बाजूला ठेवून पुस्तक माझ्यापुढे धरलं. चित्रात शाळेचा रिकामा वर्ग होता. ओळीनं बाकं, खिडकीतून आलेलं ऊन, माणूस एकही नाही. चित्राच्या मधोमध मात्र दोन ठळक अक्षरं आणि त्यांच्यामध्ये एक लांब रेघ: शीऽन. तिनं विचारलं, "सेन्सेई, इथे तर कुणीच नाही. मग हा आवाज कसला?"

तो आवाज शांततेचा आहे. जपानीत शांततेलाही आवाज आहे आणि मांगाकार तो चित्रात लिहितात. मुलीला हे पटायला वेळ लागेल असं मला वाटलं होतं, पण तीच म्हणाली, "म्हणजे शुकशुकाट!" मला फार आनंद झाला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडेही काही न घडण्याला शुकशुकाट असा नाद आहे, आवाज नसलेला दिवा लुकलुकतो, पाणी चकचकतं. जपानी भाषा अशाच शब्दांनी भरलेली आहे. काळीज धडधडलं की दोकीदोकी, काही चमचमलं की किराकिरा, पाऊस कोसळला की झाऽझाऽ. मांगाच्या पानावर हे शब्द चित्राचाच भाग होऊन येतात. त्यांची जाडी, तिरकेपणा, पानभर पसरणं, सगळ्याला अर्थ असतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. कॅमेरा हे 'शीऽन' कसं टिपणार?

लोकप्रिय मांगावर खऱ्या नटांना घेऊन चित्रपट निघणार असला की जपानीत त्याला 'जिश्शाका' म्हणतात. जिश्शा म्हणजे प्रत्यक्ष चित्रण, का म्हणजे तसं रूप देणं. शब्द साधा आहे, पण अशी घोषणा झाली की वाचकांच्या पोटात गोळा येतो. नट कोण, केस कसे, कपडे कसे, यावर वाद सुरू होतात. ही काळजी मला खरी वाटते. कादंबरीवरच्या चित्रपटाचं तसं होत नाही. 1953 साली आचार्य अत्र्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणला तेव्हा पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाच्या मनातली आई वेगळी होती. वनमालाबाईंनी त्या सगळ्यांमध्ये स्वतःची एक आई आणून उभी केली. मांगात चेहरा आधीच काढलेला असतो आणि तो लाखो वाचकांचा एकच असतो. केसांची बट किती तिरकी आहे हेही सर्वांना पाठ असतं. दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी त्या चेहऱ्याशी सामना करावा लागतो, आणि बरेच दिग्दर्शक तिथेच अडकतात.

2017 सालचा 'फुलमेटल अल्केमिस्ट' पाहताना मला हेच वाटत राहिलं. हिरोमु अराकावा यांचा मांगा एका कल्पित, युरोपासारख्या देशात घडतो. चित्रपटाच्या चमूनं इटलीत जाऊन चित्रण केलं, जपानी नटांना सोनेरी केस दिले, लाल अंगरखा शिवला. चित्रातलं जवळपास सगळं पडद्यावर आलं. तरीही नायक एडवर्ड बोलू लागला की मला सोनेरी टोप आधी दिसायचा, मुलगा नंतर. कागदावर ते केस शाईची एक रेघ असतात आणि रेघेला वजन नसतं. खऱ्या डोक्यावर बसले की त्यांना वजन येतं, वारा आला की ते हलतात किंवा हलत नाहीत, आणि डोळा तिकडेच जातो. याच्या उलट टोकाला 2009 चा अमेरिकी 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'. तिथे मांगाच्या नायकाला, गोकूला, सरळ अमेरिकी शाळेतला मुलगा करून टाकलं. पुढे त्याच्या पटकथाकारानं चाहत्यांची जाहीर माफी मागितली. त्यावर अधिक लिहावंसं वाटत नाही.

माझ्या मते खरी अडचण केसांच्या मागे आहे. मांगात वेळ वाचकाच्या हातात असतो. दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत क्षणही जातो, वर्षही जातं, आणि तिथे किती थांबायचं हे आपण ठरवतो. चित्रकारांकडे आणखी एक हत्यार असतं, 'मेकुरी', म्हणजे पान उलटणं. धक्का द्यायचा असेल तर तो उजव्या पानावर ठेवतात, कारण जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात आणि पान उलटल्यावर नजर आधी तिथे जाते. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी मान वळवतो, बोट पानाच्या कडेला जातं, आणि मधला तो अर्धा क्षण पूर्णपणे वाचकाचा असतो. चित्रपटगृहात हा क्षण आपल्याकडून काढून घेतला जातो. दिग्दर्शक जितका वेळ देईल तितकाच आपला. म्हणून मला वाटतं, ज्या दिग्दर्शकानं मांगातला वेळ पडद्यावर कसा आणायचा याचा विचार केला, त्याचाच चित्रपट उभा राहतो.

'रुरोउनी केन्शिन' घ्या. 1994 ते 1999 या काळात साप्ताहिकातून आलेला मांगा, आणि 2012 ते 2021 मध्ये त्यावरचे पाच चित्रपट. कथा मेइजी काळातली. क्रांतीच्या धामधुमीत माणसं मारणारा एक तरुण तलवारबाज पुढे शपथ घेतो की आता कुणाला मारायचं नाही, आणि धार उलट्या बाजूला असलेली तलवार घेऊन भटकतो. मांगात तो इतका चपळ आहे की चित्रात बऱ्याचदा तो दिसतच नाही, फक्त वेगाच्या रेघा दिसतात. आता रेघा कशा चित्रित करणार? दिग्दर्शक केइशी ओतोमो आणि मारामारीचे दिग्दर्शक केन्जी तानिगाकी यांनी वेग पायांत आणला. ताकेरु सातो जमिनीला जवळजवळ टेकून पळतो, चिखलात घसरतो, भिंतीवर पाय देऊन वळतो, आणि पायांखालची माती उडते ती आपल्याला दिसते. वेग दिसत नाही, वेगाची किंमत दिसते. मग तो थांबतो आणि छाती वरखाली होते.

ओतोमो त्याआधी एनएचके वाहिनीत होते. 2010 ची 'र्योमादेन' ही वर्षभर चाललेली ऐतिहासिक मालिका त्यांनी केली होती आणि त्यात सातोनं ओकादा इझो या खऱ्याखुऱ्या मारेकऱ्याची भूमिका केली होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. केन्शिन स्वतःला 'सेश्शा' म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी 'दे गोझारु' लावतो. आजच्या जपानीत हे बोलणं म्हणजे रस्त्यात कुणीतरी 'आम्ही पातलो आहोत' म्हणण्यासारखं. मांगात ते गोड वाटतं, कारण तिथे त्याला आवाज नाही. खऱ्या तोंडातून आलं की ते सोंग वाटण्याची भीती असते. सातोनं ते हळू, जरा लाजत, पुटपुटल्यासारखं म्हटलंय, जणू जुनी सवय सुटत नाहीये. पहिला चित्रपट सुरू होतो तो 1868 च्या तोबा-फुशिमीच्या लढाईत. सम्राटाची बाजू जिंकल्याचं कळतं आणि तो तलवार जमिनीत रोवून निघून जातो. आजूबाजूला प्रेतं, वर करडं आभाळ. कुणी 'शीऽन' लिहिलेलं नाही, पण मला ते वाचता आलं.

माझा सर्वांत आवडता जिश्शाका मात्र तलवारीचा नाही. अकिमी योशिदा यांचा 'उमिमाची डायरी', समुद्रकाठच्या गावाची डायरी, 2006 ते 2018 या काळात आला आणि नऊ खंडांत पुस्तकरूपानं निघाला. पहिल्या खंडाचं नाव आहे 'सेमिशिगुरे नो यामु कोरो'. उन्हाळ्यात हजारो रातकिडे एकदम गाऊ लागले की तो आवाज सरींसारखा कोसळतो, त्याला सेमिशिगुरे म्हणतात. नावाचा अर्थ, ती सर थांबते त्या सुमारास. (सेमी म्हणजे आपला रातकिडा नव्हे, तो दिवसा झाडावर बसून ओरडतो. दुसरा शब्द मला सापडला नाही.) पुस्तकाच्या नावातच आवाज थांबल्यानंतरची शांतता आहे. हिरोकाझु कोरेएदा यांनी 2015 मध्ये त्यावर चित्रपट केला. तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता आणि जपानी अकादमीचा उत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही त्याला मिळाला.

कामाकुरातल्या जुन्या लाकडी घरात तीन बहिणी राहतात. वडील दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले, मग आईही गेली. वडील वारल्याचं कळतं, बहिणी दूर यामागाताला अंत्यविधीला जातात आणि तिथे त्यांना तेरा-चौदा वर्षांची सावत्र बहीण भेटते, सुझू. ती त्यांच्या घरी येते. पुढे चित्रपटात जे घडतं ते सांगायला गेलं तर काहीच उरत नाही. अंगणातल्या झाडाची उमे नावाची आंबट फळं उतरवून बरण्यांत दारूत मुरत घालणं, पावावर शिरासू नावाचे इवलेसे मासे पसरून खाणं, फुललेल्या साकुराच्या बोगद्यातून सायकलवर मागे बसून जाणं. पण त्या बरण्यांमध्ये वर्षं आहेत. आजीनं घातलेली उमेची जुनी दारू अजून शिल्लक आहे आणि ती निरोप म्हणून कुणाला द्यायची, हा या घरातला मोठा निर्णय असतो. मांगाच्या दोन चौकटींमधली पांढरी पट्टी कोरेएदांनी ऋतूंनी भरली. वाचक जिथे थांबला असता तिथे ते थांबतात. घाईघाईत कथा संपवायची त्यांना गरज वाटली नाही, आणि मांगातलं सगळं दोन तासांत कोंबायचा मोहही झाला नाही.

मूळ लेखकाबद्दल इथे लिहायलाच हवं. जपानीत त्याला 'गेन्साकुशा' म्हणतात आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव मानानं येतं. हाती काय येतं हा वेगळा प्रश्न. 'थर्मे रोमे' या मांगाच्या कर्त्या मारी यामाझाकी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की 2012 च्या त्यांच्या चित्रपटानं 600 कोटी येनच्या आसपास गल्ला जमवला, आणि हक्कांचे म्हणून त्यांना मिळाले 10 लाख येन. आणि पैशापेक्षाही दुखणारी गोष्ट असते. हिनाको आशिहारा यांच्या 'सेक्सी तानाका-सान' या अपूर्ण मांगावर 2023 च्या अखेरीस दूरचित्रवाणी मालिका आली. मांगाशी इमान राखावं ही अट त्यांनी आधीच घातली होती. तरी पात्रं बदलत गेली, त्या पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करत राहिल्या, आणि शेवटचे दोन भाग अखेर त्यांनीच लिहिले. जानेवारी 2024 मध्ये हे सगळं त्यांनी लोकांपुढे मांडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. मांगा अपूर्ण राहिला. त्यानंतर वाहिनीनं आणि प्रकाशनसंस्थेनं चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. मी ते वाचताना दोनदा थांबले. एका बाईला आपल्या पात्रांना तसंच राहू द्या म्हणून इतकं झगडावं लागणं मला सहन झालं नाही.

उलट उदाहरणंही आहेत. 1970 साली सुरू झालेल्या 'कोझुरे ओओकामी' या मांगावर 1972 ते 1974 मध्ये सहा चित्रपट निघाले, त्यांतल्या पहिल्याची पटकथा लेखक काझुओ कोइके यांनीच लिहिली होती. बाबागाडी ढकलत चाललेला तलवारबाज आणि गाडीत न बोलणारं मूल, त्या मुलाचे डोळे मी विसरू शकत नाही. अलीकडे 'वन पीस' या मांगावरची मालिका 2023 मध्ये आली तेव्हा त्याचे कर्ते एइइचिरो ओदा यांनी वाचकांना पत्रातून कळवलं की आपलं समाधान होईपर्यंत ती प्रदर्शित होणार नाही. 1997 पासून एकच गोष्ट काढत आलेल्या माणसाचा शब्द तिथे अखेरचा ठरला. हा अधिकार प्रत्येक गेन्साकुशाला हवा, नुसत्या सर्वाधिक खपणाऱ्याला नव्हे.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी वर्गात 'उमिमाची डायरी'तला एक प्रसंग दाखवला. यामागाताचं छोटं स्टेशन. बहिणी परत निघाल्यात, सुझू निरोप द्यायला फलाटावर उभी आहे. गाडी सुटता सुटता थोरली साची तिला म्हणते, आमच्याकडे कामाकुराला येतेस का, चौघी मिळून राहू. सुझू विचार करते. दारं आता मिटणार. आणि ती म्हणते, "इकिमासु." येते.

नव्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात हे क्रियापद पाचव्या धड्यात येतं. इकिमासु, किमासु, काएरिमासु: जाणं, येणं, परत जाणं. आपण मराठीत दुसऱ्याच्या घरी 'येते' म्हणतो, जपानीत तिथे 'जाते' म्हणावं लागतं, आणि इथे मुलं दरवर्षी चुकतात. चित्रफीत थांबवून मी कुणाला काही विचारलं नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हळूच विचारलं, "सेन्सेई, परत एकदा लावता?" मी फलाटापासून पुन्हा लावली.