भरलं ते भरलं म्हणूनच लिहा

गेल्या महिन्यात नागपुरात धरमपेठेतल्या एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता कर्ज आणि सिबिल, म्हणजे पतमाहितीचा अहवाल. वक्ते जाणकार, सभागृह भरलेलं. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, "थकलेलं कर्ज पूर्ण फेडलं, तरी अहवालात खातं वाईटच दिसतं. काय करू?" उत्तर मिळालं, "काही करू नका. फेडलं ना? मग विसरा. सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते. तक्रार केलीत तर जुनं खातं उगाच ताजं होईल. शिवाय एकदा थकला तो थकलाच, डाग काही धुवून निघत नाही." बाई मान हलवून खाली बसल्या. त्या बसल्या याचाच मला राग आला, म्हणून हे लिहितो आहे.

सात वर्षांचं घेऊ. हे वाक्य नागपुरात मी इतक्या तोंडून ऐकलंय की त्याला आता कायद्याची प्रतिष्ठा आली आहे. सीताबर्डीतला कर्ज एजंट म्हणतो, बँकेच्या रांगेतला माणूस म्हणतो, आता व्यासपीठावरूनही तेच. ही सात वर्षं अमेरिकेची आहेत. तिथल्या कायद्यानुसार वाईट नोंदी साधारण सात वर्षांनी अहवालातून काढाव्या लागतात. आपल्याकडे पतमाहिती कंपन्यांचा कायदा 2005चा आणि त्याचे विनियम 2006चे. त्यांत सात वर्षांचा उल्लेख आहे, पण तो नेमका उलटा. कंपनीने माहिती किमान सात वर्षं जपलीच पाहिजे, असा. किमान! सात वर्षांनी पुसून टाका, असं त्यात कुठेही नाही. जपण्याची सक्ती आणि पुसण्याची सक्ती यांत किती अंतर आहे, हे ज्याचं घरकर्ज अडलंय त्याला विचारा. आठवं वर्ष उजाडेल या आशेवर गप्प बसणारा माणूस कुणीही न दिलेल्या वचनावर बसलेला असतो. आणि क्षणभर धरू की नोंद पुसली जाणार. तरी सात वर्षं म्हणजे काय? मुलीचं सगळं शिक्षण. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्याचा सगळा काळ. उधारीच्या वसुलीचा दावा लावायला सावकाराला मुदतीचा कायदा साधारण तीन वर्षं देतो. ज्याने पैसे आणून मोजले, त्याने मात्र चुकीच्या नोंदीखाली सात वर्षं काढायची, आणि हे त्याला शहाणपण म्हणून सांगायचं?

माझ्या भाच्याचं सांगतो. तो बुटीबोरीत कामाला आहे. मोटारसायकलचं कर्ज होतं. 2021मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सहा हप्ते चुकले. 2022मध्ये त्याने मुद्दल, व्याज, दंड, सगळं भरलं, पावती घेतली, नो ड्यूजचं पत्र घेतलं. 2024मध्ये बेशाला फ्लॅट पाहिला आणि कर्जाचा अर्ज फेटाळला गेला. रात्री आम्ही दोघांनी अहवाल उघडला. खात्यापुढे 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत, खाली थकबाकी 4,312 रुपये. शेजारी टेबलावर नो ड्यूजचं पत्र, शिक्क्यासकट. एक कागद म्हणतो देणं नाही, दुसरा म्हणतो आहे. त्या पोराने तीन वेळा दोन्ही कागद आलटूनपालटून वाचले आणि मला विचारलं, "मामा, मग मी भरले ते पैसे गेले कुठे?"

त्या वक्त्यांनी याचं उत्तर द्यावं. हा डाग नव्हे, हा खोटा मजकूर आहे. कर्ज थकलं होतं ही खरी गोष्ट, ती राहू द्या. पण फेडलं हीसुद्धा खरी गोष्ट आहे, आणि ती लिहिली नाही तर अहवाल अर्धवट राहतो.

तक्रारीने खातं ताजं होतं, हे निव्वळ भय आहे. हप्ते चुकलेले महिने तेच राहतात, तक्रार केल्याने त्यांत एकही वाढत नाही.

मी वीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. तिथेही हा वाद व्हायचा. फेडणाऱ्याच्या खतावर 'वसूल' असा शेरा मारायला आमचे एक वरिष्ठ टाळाटाळ करत, म्हणत, धाक राहू द्या. मी म्हणायचो, धाक थकणाऱ्याला असावा, फेडणाऱ्याला कसला? दामदुपटीचा नियम आपल्याकडे जुना आहे. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, हे मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या न्यायालयांनीही मानलं. ऋणालाही सीमा असते, एवढंच त्यामागे होतं. आमच्या वरिष्ठांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. मला अजूनही पटतं.

पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही, आणि खोटी दुरुस्त करायला फी लागत नाही.

मग करायचं काय? चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा नियम 2017पासून आहे. खात्याचा दर्जा, थकबाकी, शेवटचं अद्ययावत केल्याची तारीख पाहा. चूक दिसली तर कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे, पावती जोडून लेखी तक्रार करा, कारण बँकेने कळवल्याशिवाय कंपनी आकडा बदलत नाही. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 26 एप्रिल 2024पासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्यासाठी संविधान चौकातल्या बँकेच्या इमारतीच्या पायऱ्या चढायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते. कर्ज तडजोडीत कमी रकमेवर मिटवलं असेल तर 'सेटल्ड' हा शेरा खरा आहे, त्यावर भांडू नका. उरलेली रक्कम भरता येते का ते बँकेला विचारा, भरून खातं 'क्लोज्ड' करून घ्या.

भाच्याने तक्रार केली. सव्विसाव्या दिवशी दुरुस्त अहवाल आला. खात्यापुढे आता 'क्लोज्ड' आहे, थकबाकी शून्य. चुकलेले सहा हप्ते त्याखाली जसेच्या तसे दिसतात, आणि ते दिसायलाच हवेत. सभागृहातल्या त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. हा मजकूर त्यांच्यापर्यंत पोचला तर एवढंच सांगतो: ताई, पावती शोधा आणि आजच अर्ज करा.